शेवटची प्रत

ओउलूहून ट्रक आला तेव्हा अंगणात उणे एकवीस होतं.
वेइक्कोने इंजिन चालूच ठेवलं.
म्हणाला, या खेपेला नुसती दलदल आहे, ऐला,
सत्तर खोकी दलदल.

तिथल्या ग्रंथालयाला विद्यार्थ्यांसाठी सोफे ठेवायचेत.
त्यात वाईट काही नाही. सोफ्यांवर कुणी बसेल तरी.
या अंकांवर एकाहत्तर सालानंतर
धूळसुद्धा नीट बसलेली नाही.

माझं काम सोपं आहे.
देशभरातून आलेल्या प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या,
पानं मोजायची, एक राखायची,
बाकीच्या जाऊ द्यायच्या.
जाऊ द्यायच्या म्हणजे नदीपलीकडच्या कारखान्यात.
तिथे त्यांचा लगदा होतो, लगद्याचे अंड्यांचे ट्रे.
पहिल्या वर्षी मी अंडी सोडली होती.
मग खाऊ लागले.

आज ‘दलदल आणि पाणी’, खंड बारा.
तुर्कूची प्रत देखणी. कापडी पाठ, सोनेरी आकडे,
आणि आत तिसरा अंकच नाही.
बांधणाऱ्याने त्या जागी कोरा कागद शिवलाय,
न आलेल्या पाहुण्याचं ताट मांडून ठेवावं तसा.
ओउलूकडे तिसरा अंक आहे,
पण पान दोनशे तेरा ते सोळा
कुणीतरी ब्लेडने कापून नेलीत,
सरळ रेषेत, हात न कापता.
योएन्सूची प्रत भिजलेली. पाईप फुटला होता,
असं सोबतच्या चिठ्ठीत, माफी मागितल्यासारखं.
पानं पापडासारखी वाळून वाकडी.
पण तेरा आहे. चौदा आहे. सोळाही.

ज्यांचे संचालक भाड्याच्या वाट्यावरून
दोन बैठका एकमेकांकडे पाहत नव्हते
अशी तीन ग्रंथालयं
माझ्या टेबलावर एक अख्खा खंड झाली.
मी कॉफी घेतली. जरा फुशारकीनेच घेतली.

तीन वाजता, बाहेर अंधार पडल्यावर,
हेलसिंकीचं खोकं उघडलं.
खंड बारा. पूर्ण. कोरा करकरीत.
कुणी कधी उघडलाच नव्हता, म्हणून शाबूत.

नियम स्पष्ट आहे: स्वच्छ प्रत ठेवा.

पान दोनशे चौदावर एक तक्ता आहे.
उत्तरेकडचं एक तळं, त्याचं नाव उच्चारताना
वेइक्कोचीही जीभ अडखळते,
आणि ते दरवर्षी कोणत्या दिवशी गोठलं त्याची तारीख.
चव्वेचाळीस सालापुढे एक आडवी रेघ.
खाली बारीक अक्षरांत: नोंद झाली नाही.
हेलसिंकीच्या प्रतीत एवढंच.

योएन्सूच्या भिजक्या प्रतीत
त्या रेघेशेजारी पेन्सिल आहे.
पाण्याने शाई पसरते, पेन्सिल नाही.
‘झाली होती. वही घराबरोबर जळली.
मला आठवतं, एकोणीस ऑक्टोबर.’
सही नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली, मग पाठकोरा कागद शोधला,
मग कशाला शोधला ते विसरले.

इथे मांडणी विषयाने नाही, उंचीने होते.
जागा वाचते. त्यामुळे धर्मशास्त्राला
दूधउत्पादकांचं वार्षिक टेकून उभं असतं,
आणि दंतवैद्यांच्या पलीकडे जहाजांचे दिवे.
आठ अंशांत, अंधारात, कुणी कुरकुरत नाही.

पाच वाजता वेइक्को लगद्याची गाडी भरायला आला.
तुर्कू गेली. ओउलू गेली.
योएन्सूवर हात ठेवून म्हणाला, हीसुद्धा?
म्हटलं, ही थांबते.
पण एक तर ठेवलीस ना?
म्हटलं, हो.

फॉर्मवर ‘दुसरी प्रत राखण्याचं कारण’ म्हणून
बोटभर रकाना आहे.
मी लिहिलं: पेन्सिल.
वरिष्ठ सोमवारी येतील, विचारतील.
तोवर फुगलेल्या पानांची उंची पुन्हा मोजायला हवी,
ती आता आपल्या फळीत मावत नाही.